पिशवीत हलका, रंगमंचावर घट्ट

वाद्यांच्या दुकानात म्युझिक स्टँड मागितला की दुकानदार बहुधा दोन नमुने पुढे ठेवतो. एक तारांच्या पाटीचा, घडी होऊन लहानशा पिशवीत मावणारा, काहीशे रुपयांचा. दुसरा काळ्या भरीव पाटीचा, हाताला जड लागणारा, काही हजारांचा. मग गिऱ्हाईक ठरलेला प्रश्न विचारतं: दोन्ही कागदच धरतात ना, मग एवढा फरक कशाचा?

प्रश्न रास्त आहे. घरी, पंख्यापासून लांब, चार पानं समोर ठेवून रियाज करणाऱ्याला दोन्हींत खरोखरच फारसा फरक जाणवत नाही. पण आज ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, उद्या चिपळूणला आणि परवा नाशिकजवळच्या एखाद्या लॉनवर ज्याची सुपारी आहे, त्याच्या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. प्रवासात स्टँड हलका हवा आणि कार्यक्रमात जागचा हलता कामा नये. कोणता स्टँड घ्यायचा हे ठरवताना या दोन मागण्यांची तडजोड करायची असते. ती कशी करायची, हे या प्रकरणात एकेक करून पाहू.

१. स्टँड लागतो तरी कोणाला?

रागसंगीताच्या मैफलीत गायकापुढे सहसा कागद नसतो. बंदिश पाठ असते आणि पुढचा विस्तार त्या क्षणी घडतो. कागद येतो तो ठरलेलं संगीत अनेकांनी मिळून, जसंच्या तसं वाजवायचं असतं तेव्हा.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे काम मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या वादकांनी केलं. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. त्यामुळे समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवू शकणारे व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचे वादक मुंबईच्या स्टुडिओंना मिळाले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवून देत. गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर आधारित सिंफनीचा कार्यक्रम केला. असं संगीत पाठांतरावर उभं राहत नाही, तिथे वादकापुढे कागद लागतोच आणि कागदाला स्टँड.

आज मराठी रंगमंचावर स्टँड वापरणारे मुख्यतः चार प्रकारचे लोक दिसतात. पहिला, भावगीतं, नाट्यगीतं आणि सिनेगीतांच्या कार्यक्रमातला गायक. एका संध्याकाळी वीस-पंचवीस गाणी, त्यातली काही त्याच आठवड्यात बसवलेली. दुसरा, कीबोर्ड किंवा गिटारवाला. गाण्याच्या दोन कडव्यांमधले पीस आणि कॉर्ड तो लिहून आणतो. तिसरा, चर्चमधल्या क्वायरपासून वाद्यवृंदापर्यंत कुठेही स्वरलेखन वाचून वाजवणारा वादक. चौथा निवेदक. त्याच्या संहितेलाही तोच स्टँड लागतो, आणि ऐन वेळी तो गायकाचाच उचलून नेतो.

२. स्टँडचे भाग आणि जाती

प्रत्येक स्टँडचे तीन भाग असतात. खाली तीन पाय, मध्ये एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा दांडा आणि वर कागद टेकवायची पाटी. पाटीच्या खालच्या बाजूला कागद अडवणारी कड असते. पाय तीनच का, याचं उत्तर मांडवात मिळतं. फळ्या जोडून केलेल्या स्टेजवर चार पायांचं टेबल डुगडुगतं. तीन पाय मात्र कितीही उंचसखल जागेवर एकाच वेळी टेकतात.

पहिली जात तारांच्या किंवा पातळ पट्ट्यांच्या घडीच्या स्टँडची. वजन साधारण सव्वा ते दीड किलो आणि घडी केल्यावर लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास. वाद्याच्या पेटीबरोबर खांद्याला अडकवून लोकलमध्ये चढता येतं.

दुसरी जात वाद्यवृंदाच्या स्टँडची. भरीव पाटी, जाड दांडा, रुंद बैठक, घडी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी बनणारा मॅनहॅसेटचा सिंफनी स्टँड हा या जातीचा जगभर माहीत असलेला नमुना. त्याचं वजन साडेतीन किलोंच्या आसपास आहे. उंची बदलायला त्याच्या दांड्यावर पिळायचा नॉबच नाही. नळीच्या आतल्या घर्षणावर पाटी हव्या त्या उंचीला थांबते. सभागृहात कायम ठेवायला हा उत्तम, पण रिक्षातून न्यायला नकोसा.

तिसरी जात या दोहोंच्या मधली. पाय आणि दांडा घडीचे, पाटी भरीव पण काढता येणारी किंवा मध्यावर दुमडणारी. वजन साधारण दोन ते तीन किलो. जर्मनीतल्या वेर्टहाइम गावची, १९४९ साली सुरू झालेली के अँड एम आणि हर्क्युलिस या कंपन्यांचे असे स्टँड भारतातही मिळतात. त्यांच्याशी मिळतेजुळते स्वस्त नमुनेही बाजारात भरपूर आहेत.

याशिवाय दोन छोटे प्रकार आहेत. टेबलावर किंवा गादीवर ठेवायचा बुटका स्टँड आणि माइकच्या दांड्याला आवळायचा टॅब्लेटचा होल्डर. त्यांची गाठ पुढे पडेलच.

३. आधी कागद मोजा, मग स्टँड

खरेदीला जाण्याआधी आपल्या फाईलकडे पाहावं. ए-फोर आकाराचं पान २१ सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ ३० सेंटिमीटर उंच असतं. दोन पानं शेजारी ठेवली की ४२ सेंटिमीटर होतात. बहुतेक पाट्या ४५ ते ५० सेंटिमीटर रुंद असल्याने तेवढी मावतात. तिसरं पान आलं की ६३ सेंटिमीटर लागतात आणि ते बाहेर लोंबू लागतं. लांबलचक पीस तीन पानांवर लिहिणाऱ्या कीबोर्डवाल्याने दोन्ही बाजूंना सरकत्या पट्ट्या असलेली पाटी घ्यावी, नाहीतर पीस दोन पानांत बसवावा.

आता वजन. ८० जीएसएम जाडीचा ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो. पंचवीस गाण्यांचे प्रत्येकी दोन म्हणजे पन्नास कागद धरले तर २५० ग्रॅम झाले. पण ते प्रत्येकी एका प्लॅस्टिकच्या कव्हरात जातात आणि सगळी कव्हरं जाड पुठ्ठ्याच्या रिंग फाईलमध्ये. हे सगळं मिळून फाईल सहज किलोभराची होते. म्हणजे सव्वा किलोच्या स्टँडच्या डोक्यावर जवळपास त्याच्याएवढंच ओझं चढतं. तारांच्या स्टँडची पाटी कार्यक्रमाच्या मध्यावर हळूहळू मान टाकते ती यामुळे. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे फाईल घरी ठेवायची आणि त्या दिवशीची गाणी तेवढी क्रमाने लावून पातळ फोल्डरमध्ये न्यायची.

अक्षराचाही हिशेब आहे. पुस्तक आपण हातात साधारण ४० सेंटिमीटरवर धरून वाचतो. स्टँडवरचा कागद मात्र ७० सेंटिमीटरवर असतो. अंतर पावणेदोन पट झालं, तर अक्षरही तेवढंच मोठं हवं. १२ पॉइंटचं अक्षर २१ पॉइंटचं करावं लागतं. चाळिशीचा चष्मा असलेल्यांना दुसरी अडचण येते. वाचायचा चष्मा जवळच्या अंतरासाठी केलेला असल्याने त्यातून ७० सेंटिमीटरवरचं धूसर दिसतं. अशा कलाकारांनी चष्मा करून घेताना स्टँडचं अंतर मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावं. अक्षर धूसर दिसलं की माणूस नकळत पुढे वाकतो आणि माइकपासून सरकतो. साउंडवाल्याला आवाज कमीजास्त का होतोय हे कळत नाही.

४. उंची: उभं, खुर्चीवर आणि बैठकीत

उभ्याने गाणाऱ्याने पाटीची खालची कड कमरेच्या थोडी वर आणि वरची कड हनुवटीच्या बरीच खाली ठेवावी. पाटी बरीचशी आडवी झुकलेली असली की रसिकांना चेहरा दिसतो. स्टँड अगदी समोर न ठेवता जरा डावीउजवीकडे सरकवला तर नजर कागदावरून रसिकांकडे पटकन वळते. ‘वहीत बघून गातात’ ही तक्रार बऱ्याचदा वहीपेक्षा उंच लावलेल्या पाटीमुळे होते.

खुर्चीवर बसणाऱ्या व्हायोलिनवादकाची गरज वेगळी. कागदाच्या वरच्या कडेवरून संचालकाचा हात दिसला पाहिजे आणि गज खालीवर जाताना पाटीला लागता कामा नये. वाद्यवृंदात व्हायोलिनचे दोन वादक एक स्टँड वाटून घेतात आणि आतल्या बाजूचा वादक पान उलटतो. तिथे पाटी पुरेशी रुंद हवीच.

खरी पंचाईत बैठकीत होते. मराठी गाण्यांच्या अनेक कार्यक्रमांत गायक उभा असतो, पण पेटीवाला, बासरीवाला आणि तबलजी गादीवर मांडी घालून बसलेले असतात. मांडी घातलेल्या माणसाचे डोळे गादीपासून साधारण ७५ ते ८० सेंटिमीटरवर असतात. त्याला पाटीची खालची कड ४० सेंटिमीटरच्या आसपास हवी. पाश्चात्त्य स्टँड मात्र उभ्याने किंवा खुर्चीवर वाजवणाऱ्यांसाठी घडवलेले. मॅनहॅसेटचा वर सांगितलेला स्टँड पूर्ण खाली केला तरी ६६ सेंटिमीटरवर थांबतो. पेटीवाल्याच्या थेट नाकासमोर!

दुकानात जास्तीत जास्त उंची सगळेच विचारतात. बैठकीत वाजवणाऱ्याने आधी कमीत कमी उंची विचारावी. बहुतेकांना गादीवर ठेवायचा बुटका स्टँड किंवा पोथीसाठी वापरतात तसं घडीचं लाकडी व्यासपीठ पुरतं. व्यासपीठ दोन पानं नीट धरतं, पिशवीत मावतं आणि त्याला पेच नसल्याने त्याचं काही बिघडतही नाही. फक्त त्याचा कोन ठरलेला असतो.

५. वारा आला तर?

दिवाळी पहाट, गणपतीचा मांडव, लग्नाचं लॉन, समुद्रकाठचं रिसॉर्ट. आपल्याकडचे निम्मेअधिक चांगल्या बिदागीचे कार्यक्रम उघड्यावरचे. तिथे स्टँड का पडतो हे समजायला उंच बांबूच्या टोकाला बांधलेला आकाशकंदील आठवावा. कंदील कागदाचा, वजनाला काहीच नाही. पण वारा सुटला की अख्खा बांबू मुळापासून डोलतो. कारण वाऱ्याचा धक्का जमिनीपासून जितका उंच बसेल तितका तो तळाशी जास्त जोराने जाणवतो.

आता आकडे मांडू. उघडी फाईल ४२ बाय ३० सेंटिमीटरची आहे आणि वारा ताशी २० किलोमीटरचा. झाडांच्या बारीक फांद्या हलतात आणि सुटे कागद उडू लागतात, तेवढा. अशा वाऱ्याचा समोरून बसणारा रेटा ढोबळमानाने २८० ग्रॅम वजनाएवढा येतो. पाटीचा मध्य १२० सेंटिमीटरवर असेल तर पाडणारा जोर ०.२८ गुणिले १२०, म्हणजे सुमारे ३४.

सावरणारा जोर किती? स्टँड १.३ किलो आणि फाईल १ किलो, एकूण २.३ किलो. पाय मध्यापासून २५ सेंटिमीटर पसरलेले आहेत. पण स्टँड पायाच्या टोकावरून पडत नाही. तो दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूने पडतो, आणि त्या बाजूची कड मध्यापासून निम्म्याच म्हणजे साडेबारा सेंटिमीटर अंतरावर असते. २.३ गुणिले १२.५ म्हणजे जवळपास २९. पाडणारा ३४, सावरणारा २९. स्टँड पडणार.

तो वाचवण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यातले दोन फुकट.

पहिला, पाय फिरवणं. वारा ज्या दिशेला ढकलतो आहे त्याच दिशेला एक पाय येईल असा स्टँड वळवला तर त्या बाजूचा आधार साडेबाराऐवजी २५ सेंटिमीटर होतो. सावरणारा जोर दुप्पट, ५७ च्या पुढे जातो. तोच स्टँड, तीच फाईल, आता पडत नाही.

दुसरा, उंची कमी करणं. पाटीचा मध्य १२० वरून ८० सेंटिमीटरवर आणला की पाडणारा जोर २२ वर उतरतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसून वाजवणाऱ्यांचे स्टँड कमी पडतात ते यामुळेच.

तिसरा, खाली वजन लटकवणं. दोन किलो वाळूची कापडी पिशवी किंवा पाण्याच्या दोन भरलेल्या लिटरच्या बाटल्या पायांच्या जोडापाशी बांधल्या की एकूण वजन ४.३ किलो आणि सावरणारा जोर ५४ च्या आसपास होतो. वजन कार्यक्रमाच्या जागी मिळतं, घरून वाहून न्यावं लागत नाही. प्रवासात हलका आणि मंचावर जड स्टँड हवा असेल तर सगळ्यात स्वस्त उत्तर हेच.

मात्र याला मर्यादा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरचा झोत आला तर पाडणारा जोर १३४ वर जातो. तेव्हा एक पाय नेमका वाऱ्याच्या दिशेला नसेल, तर स्टँड, फाईल आणि पिशवी मिळून पावणेअकरा किलो वजन लागेल. अशा वाऱ्यात फाईल मिटून ठेवलेली बरी.

कागद उडू नयेत म्हणून दांडीवर कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात. स्टीलच्या पाटीवर छोटे चुंबकही चालतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीवर चुंबक चिकटत नाही, हे पाटी घेताना लक्षात ठेवावं.

६. धातू, पेच आणि आटे

अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं, म्हणून हलके स्टँड त्याचे असतात. पण त्याचा ताठपणाही स्टीलच्या तुलनेत साधारण तेवढाच कमी. पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एकदा वाकली की सरळ करताना तुटते. पाटी अ‍ॅल्युमिनियमची आणि पाय-दांडा स्टीलचा अशी जोडी प्रवासासाठी बरी पडते.

स्टँड बहुतेक वेळा मोडतो तो जोडावर. दांड्याची उंची धरणारा नॉब नळीत आवळला जातो. त्याचा आटा प्लॅस्टिकच्या कॉलरमध्ये पाडलेला असेल तर वर्षभराच्या पिळवटण्यात आटे जातात, नॉब नुसता फिरत राहतो आणि पाटी गाणं चालू असताना खाली घसरते. नॉब धातूच्या कॉलरमध्ये बसणारा आहे का, हे दुकानात तो पूर्ण काढून पाहता येतं. पाटीचा कोन धरणारा पेच हा दुसरा नाजूक जोड. तो हाताने आवळता यावा. त्याला पाना लागत असेल तर अंधाऱ्या विंगेत पाना कोण शोधणार?

तारांचा स्टँड घडी करताना तर हमखास चूक होते. कार्यक्रम संपतो, गाडी निघायची घाई असते आणि पाटी उलट्या बाजूला दाबून मिटवली जाते. पट्ट्या जिथे एकमेकींना रिव्हेटने जोडल्या आहेत तिथे त्या वाकतात. पुढच्या वेळी पाटी उघडते ती वाकडीच. योग्य क्रम असा: आधी पाटीची खालची कड मिटवायची, मग बाजूच्या पट्ट्या मध्याकडे आणायच्या, मग दांडा खाली घ्यायचा आणि शेवटी पाय. उघडताना नेमकं उलट. घरी दिव्याच्या उजेडात हे चार-पाच वेळा केलं की हात आपोआप वळतो.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत उघडं स्टील लवकर गंजतं. काळा पावडर कोट केलेला स्टँड बरा. तो रंगमंचाच्या दिव्यात चमकतही नाही. पावसाळ्यात ओल्या पिशवीतून आणलेला स्टँड घरी उघडून कोरडा पुसावा. गंज आधी नळीच्या आत धरतो आणि मग दांडा वर सरकेनासा होतो.

७. आवाज आणि उजेड

म्युझिक स्टँड स्वतः वाजू नये, एवढी माफक अपेक्षा असते. तारांचा ढिला स्टँड मात्र वाजतो. कीबोर्डचा खालचा सूर किंवा ढोलकीचा घुमारा पट्टीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की ती किणकिणते. सभागृहात ते कोणाच्या लक्षात येत नाही, पण जवळच्या माइकवर आणि रेकॉर्डिंगमध्ये नक्की ऐकू येतं. सैल जोडांवर रबर बँड गुंडाळले की हा त्रास बराचसा थांबतो.

भरीव पाटीचा त्रास दुसरा. ती सपाट असल्याने आवाज परतवते. गायकासमोर जमिनीवर ठेवलेल्या मॉनिटरचा आवाज पाटीवर आपटून माइकमध्ये शिरला तर फीडबॅकची शिट्टी येते. पाटी माइकच्या थोडी खाली आणि बरीचशी आडवी ठेवली की आवाज वरच्या दिशेने निघून जातो. शिट्टी आलीच तर साउंडवाल्यावर ओरडण्याआधी पाटीचा कोन बदलून पाहावा.

उजेडासाठी पाटीला अडकवायचा चार्जिंगचा एलईडी दिवा लागतो. रंगमंचावर कधी निळा-लाल उजेड, कधी अंधार, आणि लाल उजेडात लाल पेनाने केलेली खूण दिसतच नाही. म्हणून कागदावरच्या खुणा काळ्या शाईने किंवा पेन्सिलने कराव्यात. दिव्याची मान लवचीक हवी आणि तोंड पूर्ण कागदाकडे, नाहीतर उजेड पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जातो. प्लॅस्टिकची कव्हरं चकाकणारी न घेता दुधी घ्यावीत. कव्हरात पान ठेवून दिव्याखाली तिरपं धरलं की ते चकाकतं का, हे तिथल्या तिथे कळतं.

८. टॅब्लेट आला, मग स्टँड कशाला?

गेल्या काही वर्षांत अनेक गायकांनी फाईल सोडून टॅब्लेट घेतला. शेकडो गाणी एका काचेत, अक्षर हवं तेवढं मोठं आणि दिव्याची गरज नाही. पान उलटायला पायाने दाबायचं ब्लूटूथ पेडल मिळतं, त्यामुळे पेटीवरचा किंवा गिटारवरचा हात काढावा लागत नाही. मोठ्या पडद्याचा टॅब्लेट पाऊण किलोच्या आसपास असतो, म्हणजे जाड फाईलपेक्षा हलकाच.

पण तो पडला तर फुटतो, कागद पडला तर उचलता येतो. म्हणून टॅब्लेट ठेवायचा स्टँड फाईलच्या स्टँडपेक्षा जास्त घट्ट हवा. तारांच्या पाटीवर तो नुसता टेकवू नये. चारही कोपरे धरणारा होल्डर माइकच्या स्टँडच्या दांड्याला आवळणं जास्त सुरक्षित. माइकचा स्टँड तिथे असतोच, म्हणजे वेगळा स्टँड न्यायचीही गरज राहत नाही. मात्र होल्डर एका बाजूला लटकत असल्याने त्या बाजूला स्टँडचा एक पाय आलाच पाहिजे. वाऱ्याच्या हिशेबात पाहिलेला नियम इथेही लागू पडतो.

दोन गोष्टी आधीच सांभाळाव्यात. विमान मोड लावला की फोन-मेसेज थांबतात, पण काही वेळा ब्लूटूथही बंद होतो आणि पेडल चालत नाही. तो पुन्हा चालू करून पान उलटून पाहावं. दुसरी गोष्ट उन्हाची. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयपॅड ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरायचा असतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी लग्नाच्या लॉनवर पारा त्याच्या बराच वर असतो. तापलेला टॅब्लेट पडदा मंद करतो किंवा सरळ बंद पडतो. उन्हातल्या कार्यक्रमाला गाण्यांचे कागद बरोबर असलेच पाहिजेत.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. देशांतर्गत उड्डाणात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोंची मर्यादा असते. धातूच्या दांड्याच्या स्टँडवर तपासणीत प्रश्न निघू शकतो. तो चेक-इन सामानात कपड्यांच्या मध्ये गुंडाळून टाकावा आणि टॅब्लेट, पेडल व कागद मात्र स्वतःजवळ ठेवावेत.

९. मग कोणता घ्यायचा?

महिन्यातून एखादा कार्यक्रम, तोही सभागृहात आणि पातळ फोल्डर घेऊन करणाऱ्याला चांगल्या जोडांचा तारांचा स्टँड पुरतो. त्यासाठी जास्त पैसे घालवायचं कारण नाही. ए-फोरची दोन पानं मागे ढळू नयेत म्हणून ४२ बाय ३० सेंटिमीटरचा पुठ्ठा काळ्या कागदात गुंडाळून पाटीवर ठेवला की ती भरीव पाटीसारखी वागते. उघड्यावर मात्र तो पुठ्ठा नेऊ नये, कारण वारा त्यालाच पकडतो.

बैठकीत वाजवणाऱ्याने उंच स्टँडच्या भानगडीत पडू नये. बुटका स्टँड किंवा लाकडी व्यासपीठ घ्यावं. टॅब्लेटवरच गाणाऱ्याने चांगला होल्डर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत पेडल.

आठवड्याला दोन-तीन सुपाऱ्या, कधी सभागृह, कधी लॉन, जाड फाईल आणि स्वतःच्या गाडीने किंवा ग्रुपच्या टेम्पोने प्रवास असं ज्याचं वेळापत्रक आहे, त्याने मधल्या जातीचा, काढता येणाऱ्या भरीव पाटीचा स्टँड घ्यावा. वाळूची रिकामी कापडी पिशवी, चार चिमटे, दोन रबर बँड आणि दिवा एवढं त्याच्याच पिशवीत कायमचं ठेवावं. तारांचा जुना स्टँड फेकू नये, निवेदकासाठी तो लागतोच.

आणि खरेदीला जाताना आपली स्वतःची, गाण्यांनी भरलेली फाईल दुकानात घेऊन जावी. स्टँड पूर्ण उंच करावा, फाईल उघडून ठेवावी, पाटीचा एक कोपरा दोन बोटांनी दाबावा आणि दांडा हळूच हलवावा. नॉब काढून आटे पाहावेत. मग दुकानदाराची मदत न घेता स्वतः घडी करून पिशवीत घालून पाहावा. दोन मिनिटांत घडी जमली नाही किंवा पाटी घसरली, तर तो स्टँड दुकानातच ठेवा आणि पुढचा मागा.